एचओ वाघिणी सांध्यावर घसरतात : चाकं बदलण्याआधी काय तपासायचं

लातूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा : एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेची तीन किट जोडली, एक बंद डबा, एक कोळशाचा हॉपर आणि एक टँकर. सरळ रुळावर झकास पळतात. सांध्यावर (एका रुळातून दुसरा फाटा निघतो तिथे) आणि वळणावर घसरतात, गाडी लांब केली की मधूनच सुटतात. त्यात मे महिन्यात बंद डब्याची एक बाजू आत ओढली गेली. तिन्हींना धातूची चाकं घालावीत का? पुढे २०१६च्या जलदूत या पाणीगाडीचे दहा बीटीपीएन टँकर करायचे आहेत.

चाकं बदलून थोडा फरक पडेल, नाही असं नाही. पण बाजू आत ओढली जाणं सोडलं, तर तुमच्या बाकीच्या तक्रारी म्हणजे वेगवेगळे आजार नव्हेत. डबा वरून खाली बांधला की हे सगळं एकदमच होतं. किटसोबतचा कागदही तसंच शिकवतो : आधी पेटी, मग छत, शिड्या, दांडे, रंग आणि शेवटी "बोग्या स्क्रूने लावा". बोग्या लावायची वेळ येते तेव्हा तळ वाकडा असला तरी डबा रंगून तयार असतो आणि खोलायला हात धजत नाही. म्हणून क्रम उलटा धरा. आधी तळ, बोग्या, कपलिंग आणि वजन. तसाच उघडाबोडका सांगाडा सांध्यावरून चालवून पाहा, पेटीचं नंतर बघू.

एक खुलासा करून टाकतो. आपल्याकडे अख्ख्या डब्याला बोगी म्हणायची सवय आहे. इथे बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट, एवढंच.

दोष डब्याचा की रुळाचा, हे तुमची मांडणी बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, पण घरच्या घरी कळतं. तिन्ही डबे एकाच जागी घसरत असतील तर रुळाचा जोड किंवा सांधा तपासा. एकच डबा जागोजागी घसरत असेल तर डबा तपासा. डब्याच्या एका टोकाला खडूची खूण करा आणि दर वेळी कोणती बोगी आधी उतरते ते लिहून ठेवा. मग डबा उलटा फिरवून तेच करून बघा. दहा फेऱ्यांत चित्र स्पष्ट होतं. खाली जे लिहितोय ते डब्याच्या बाजूचं आहे.

आधी चाकं, कारण तुमचा प्रश्न तोच आहे. १६.५ मिमीच्या रुळावर चालणाऱ्या जोडीत दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे १४.४ मिमी हवं. डिजिटल व्हर्नियरने मोजा, एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेची गेज पट्टी मिळाली तर उत्तमच. अंतर जास्त झालं की फ्लँज (चाकाची आतली कड) सांध्यातल्या फ्रॉगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, नाकावर आदळते. कमी झालं की चाकं फ्रॉगसमोरच्या आधाराच्या गार्ड रुळाला घासून वर चढतात. किटमधली प्लॅस्टिकची चाकं बहुधा आसावर फक्त दाबून बसवलेली असतात. चिमटीत धरून पिळत पिळत सरकवली की जागेवर येतात, फक्त दोन्हीकडे आसाची टोकं सारखी बाहेर राहतील याची काळजी घ्या. डबे सरळ रुळावर नीट चालतात पण सांध्यावर पडतात, या लक्षणावरून माझा पहिला संशय इथेच जातो, आणि हे दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

धातूची चाकं नंतर जरूर घाला. ती मळ कमी धरतात आणि वजन अगदी खाली आणतात. फक्त आसाची लांबी मोजून मागवा. एचओमध्ये टोकदार आस साधारण २५.५ ते २६ मिमीच्या आसपास असतात आणि उत्पादकागणिक थोडे बदलतात. अर्धा मिलिमीटर लांब आस घातला की बोगीच्या बाजू फाकतात. आखूड घातला की चाक खोबणीत डुगडुगतं. तपासायची रीत सोपी आहे : मीटरभर रुळाचं एक टोक दोन सेंटिमीटर उचला. डबा न ढकलता निघाला पाहिजे. अडला तर खोबणीत बारीक प्लॅस्टिकचा कचरा असतो, तो काढा. तेल घालू नका. आपल्याकडच्या धुळीत तेलाचा आठवड्यात चिखल होतो. लागलंच तर चिमूटभर ग्रॅफाइट पूड पुरते.

आता खरा मुद्दा, पीळ. एनएमआरएच्या आरपी-२५ मापाच्या चाकाची फ्लँज जेमतेम ०.६४ मिमी खोल असते. डब्याचा तळ किंचित पिळलेला असला आणि एक चाक ०.३ मिमी अधांतरी राहिलं, तर त्या चाकाची निम्मी पकड गेलीच. सरळ रुळावर ते कळत नाही, कारण तिथे चाकाला बाजूला ढकलणारं कुणी नसतं. वळण किंवा सांधा आला की तेच चाक सगळ्यात आधी चढतं.

बोग्या काढून नुसता तळ जाड काचेवर ठेवा. जुन्या टीपॉयची काच चालते, फरशी चालत नाही. चारही कोपरे आळीपाळीने बोटाने दाबा. "टक" वाजलं तर पीळ आहे. मग बोग्या टेकतात ते दोन्ही बुटके उंचवटे, म्हणजे टेकणं, बघा. साच्यातून निघालेल्या भागावर तिथे हमखास बारीक शिवण असते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर पसरून तळ त्यावर दोन-चार वेळा सरळ ओढला की ती जाते.

राहिलेला थोडाफार पीळ स्क्रूने जिरवायचा. एका टोकाची बोगी आवळून बसवा, इतकीच की ती डावी-उजवी मोकळी फिरेल पण डुलणार नाही. दुसऱ्या टोकाचा स्क्रू पूर्ण आवळून अर्धा फेरा सैल करा, म्हणजे ती बोगी फिरेलही आणि थोडी डुलेलही. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तोच हिशोब. दोन्ही बोग्या घट्ट केल्या तर घसरणार, दोन्ही सैल ठेवल्या तर डबा दारूड्यासारखा झुलणार. भोक झिजून स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्यात फेविक्विक ओतू नका. भोक मोठं करून स्टायरिनची (किटच्याच प्लॅस्टिकची) कांडी चिकटवा, रात्रभर वाळू द्या, १.६ मिमीचं ड्रिल मारून दोन मिमीचा स्क्रू बसवा.

वजनाचा एनएमआरएचा ठोकताळा एचओसाठी असा आहे : एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपल्या हिशोबात २८ ग्रॅम, अधिक दर सेंटिमीटरला साधारण ५.६ ग्रॅम. चौदा सेंटिमीटरच्या डब्याला हे १०६ ग्रॅम होतात. किटसोबतची पत्र्याची पट्टी धरूनही बरेच डबे याच्या खालीच राहतात, हॉपर तर हमखास, कारण त्यात वजन लपवायला जागाच नसते. दागिने तोलायचा खिशातला डिजिटल काटा घ्या आणि तिन्ही डबे तोला. तुमचे आकडे एकमेकांपासून फार लांब असतील असा माझा अंदाज आहे, आणि लांब गाडीत तेच नडतं. इंजिन आणि मागच्या जड डब्यांच्या मध्ये एखादा हलका डबा आला की वळणावर ताणलेल्या दोरीसारखा तो आतल्या बाजूला ओढला जातो. सगळे डबे ठोकताळ्यापेक्षा दहा ग्रॅमने कमी असले तरी बिघडत नाही. एक साठचा आणि एक एकशे वीसचा असला की बिघडतं.

वजनासाठी टायरच्या दुकानात चला. चाक बॅलन्स करायला ज्या चिकटपट्ट्या लावतात त्या ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांत येतात, मागे फोमची टेप असते. यापेक्षा सोयीचं वजन मला माहीत नाही. घेताना लोहचुंबक लावून बघा. सुटे करण्यासाठी रुळाखाली चुंबक बसवला असेल तर लोखंडी तुकडे टाळा, नाहीतर डबा चुंबकावर येऊन अडखळतो. शिशाचे तुकडे किंवा छर्रे बंद जागेत फेविकॉलने चिकटवू नका. पांढऱ्या गोंदातल्या आम्लाने शिसं हळूहळू पांढरं होऊन फुगतं आणि दोन-चार वर्षांनी टँकरचं पोट फाडून बाहेर येतं. तिथे एपॉक्सी वापरा आणि हात धुऊन जेवायला बसा.

इथून मेच्या उन्हाकडे येतो, कारण किटच्या कागदात मराठवाड्याचा उन्हाळा नसतो.

पोलिस्टायरिन उष्णतेने पोलादाच्या जवळपास सहापट प्रसरण पावतं. चौदा सेंटिमीटरचा तळ आणि त्यावर टोकापासून टोकापर्यंत कडक चिकटवलेली पोलादी पट्टी धरा. जानेवारीतल्या पहाटेचे १५ अंश आणि पत्र्याखालच्या खोलीतले मेच्या दुपारचे ४५, यांच्यामध्ये दोघांच्या लांबीत सुमारे पाव मिलिमीटरचा फरक पडतो. प्लॅस्टिक खाली, पोलाद वर, त्यामुळे तळाचं पोट खाली सुटतं आणि टोकं वर उचलली जातात. बोगीचा कोन बदलतो, कपलिंग वर तोंड करतं. थंडीत नीट चालणारा डबा उन्हाळ्यात का सुटतो, याचं हे एक कारण आहे. उपाय साधा : पट्टी फक्त मध्यभागी दोन इंच दुहेरी टेपने चिकटवा आणि टोकं मोकळी सोडा, किंवा टायरचे सुटे तुकडे ओळीने लावा. तुकड्यांमध्ये फट असल्याने ते तळाला ओढत नाहीत.

बाजू आत ओढली गेली त्याचं कारण वेगळं असावं. छत, तळ आणि चारही भिंती द्रावकाने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदाने) चिकटवून डबा हवाबंद केला की द्रावकाची वाफ आत कोंडते. आतून भिंत आठवडेच्या आठवडे मऊ राहते आणि उकाड्यात ओढली जाते. जोडांना सढळ हाताने द्रावक पाजलं असेल तर आणखीच. तळाला बोगीआड ३ मिमीची दोन भोकं पाडा, पुढच्या प्रत्येक बंद डब्याला आणि टँकरलाही. आत्ताच्या डब्याचं छत निघत असेल तर काढा आणि दोन भिंतींमध्ये २ मिमी जाडीची स्टायरिनची आडवी पट्टी बसवा. लांबी कानशीने घासत घासत भिंत सरळ होईल इतकीच ठेवा. छत निघत नसेल तर तो डबा तसाच ठेवा. खऱ्या वाघिणींच्या बाजूही काही आरशासारख्या नसतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करायच्या फंदात पडू नका. एक बाजू सरळ होते आणि तळ पिळतो.

चिकटवण्याची वेळही इथे महत्त्वाची. टॅमियाच्या एक्स्ट्रा थिनसारखं पातळ द्रावक फटीत स्वतःहून पळतं, पण चाळीस अंशात आणि कोरड्या हवेत ते फटीत शिरण्याआधीच उडून जातं. जोड वरून लागलेला दिसतो, आतून कोरडाच असतो. म्हणून सकाळी आठच्या आत बसा, पंखा बंद करा, एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच लावा, दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. काटकोनासाठी सुताराचा छोटा गुण्या आणि तीच काच. एक लांब बाजू आणि एक आखूड बाजू असा "एल" आधी करा, तसाच दुसरा करा, वाळल्यावर दोन "एल" जोडा. चारही भिंती एकदम धरायला तीन हात लागतात. मुख्य जोडाला फेविक्विक नको, तो कडक पण ठिसूळ असतो, डबा पडला की काचेसारखा सुटतो. धातू आणि प्लॅस्टिक जोडताना मात्र तो कामाचा. रेझिनच्या किटला तर द्रावक लागतच नाही. तिथे भांडी घासायच्या साबणाने सगळे भाग आधी धुवायचे, कारण साच्याचं तेलकट आवरण राहिलं तर गोंद आणि रंग दोन्ही सोलून निघतात.

बोग्या बहुतेक डेलरिनसारख्या तेलकट प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना काहीच नीट चिकटत नाही, म्हणून जे बसवायचं ते स्क्रूने किंवा खाचेत.

आता गाडी सुटण्याबद्दल. केडी पद्धतीच्या (चुंबकाने सुटणाऱ्या) कपलिंगचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर हवा. त्यांची उंची मापायची धातूची गेज मिळते, तो खर्च करा. अंदाजपंचे काम इथे चालत नाही. दोन कपलिंगमध्ये निम्म्या तोंडाचा फरक असला तरी दोन डब्यांची गाडी चालते, वीस डब्यांची चालत नाही, कारण ओढ वाढते आणि रुळाच्या प्रत्येक उंचसखल जोडावर एक तोंड दुसऱ्यावरून सटकतं. कपलिंग खाली असेल तर बोगी आणि तळाच्या मध्ये पाव मिलिमीटरची चकती घाला. वर असेल तर टेकण कानशीने उतरवा, पण दोन-दोन घासे मारून दर वेळी मोजा. कपलिंगखाली लोंबणारी वाकडी तार रुळाच्या माथ्यापासून ०.८ मिमी वर हवी. ती खाली असेल तर सांध्याच्या रुळात अडकून अख्खी बोगी उचलते, आणि आपण चाकांना दोष देत बसतो. कपलिंगचं खोकं बंद करण्याआधी आतली शिवण तासा आणि बोटाने बाजूला ढकलल्यावर ते स्वतःहून मध्ये येतं का बघा.

जलदूतकडे वळू. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या गाडीला दहा टँकर होते, पाणी पाच लाख लिटर. नंतर पन्नास टँकरांची गाडी धावू लागली. दहाचा आकडा तुम्ही नीट निवडलाय. बीटीपीएनची कपलिंगसह लांबी १२.४२ मीटर, म्हणजे १:८७ मापात १४३ मिमी. दहा टँकर दीड मीटरच्या आत बसतात, इंजिन वेगळं. पन्नास करायचे तर सात मीटरहून लांब गाडी आणि वजन साडेपाच किलोच्या आसपास. ते घरातल्या इंजिनाला ओढवणार नाही.

मापाची एक तडजोड आधीच मान्य करा. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची, १:८७ला ती १९.३ मिमी होते. १६.५च्या रुळावर डब्याचे पाय जवळजवळ येतात आणि रुंद पेटी वर डोलते. १:१००ला १६.५ मिमी जवळपास बरोबर बसतं, पण मग तुमचे आत्ताचे तिन्ही डबे त्यांच्या शेजारी राक्षसासारखे दिसतील. म्हणून १:८७लाच राहा आणि वजन टाकीच्या खालच्या निम्म्यातच ठेवा. एका टँकरला लक्ष्य १०८ ग्रॅम. बोगीच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. आपली कॅसनब बोगी तीन ओतीव भागांच्या अमेरिकन पद्धतीतलीच, त्यामुळे रोलर बेअरिंगची अमेरिकन बोगी दिसायला जवळची. फरक एवढाच की कॅसनबच्या दोन आसांत २००० मिमी अंतर, म्हणजे मॉडेलमध्ये २३ मिमी. शंभर टनी अमेरिकन बोगीत ते साधारण २०.४ भरतं. चाकही आपलं एक मीटरचं, म्हणजे ११.५ मिमी. युरोपियन वाघिणींची ११ मिमीची चाकं दिसायला जवळची पडतात, पण ती घातल्यावर कपलिंगची उंची पुन्हा मोजा.

दहा टँकर एकदम सुरू करू नका. एक तळ करा, चालवा, मापं कागदावर उतरवा आणि मग त्याच मापाचे नऊ तळ एका दमात कापा. तुमच्याच गावाला एके काळी येणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचं उदाहरण इथे चपखल बसतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ साली सुरू केलेल्या त्या अडीच फुटी रेल्वेत मालाच्या सगळ्या वाघिणी २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशा एकाच पोलादी तळावर होत्या. खाली सगळीकडे एकाच पद्धतीच्या बोग्या, वरची पेटी तेवढी वेगळी. पुढे कधी हौस आली तर हेही ध्यानात ठेवा की ती ७६२ मिमीची गेज १:८७ला ८.८ मिमी होते, म्हणजे एन मापाचा ९ मिमीचा तयार रूळ आणि त्याच्याच बोग्या तिला चालतात.

रंग आणि अक्षरांबद्दल दोनच गोष्टी. दुपारी फवारणी केली तर रंग हवेतच सुकून पृष्ठभागावर रव्यासारखा बसतो, म्हणून तेही सकाळीच उरका. डीकॅल (भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) भिजवायला बोअरचं पाणी घेऊ नका, वाळल्यावर क्षाराची पांढरी कड उमटते. बॅटरीत घालायचं पाणी घ्या. गंजासाठी गेरू आणि धुळीसाठी काळी माती झकास दिसते. माती फडक्यातून चाळून घ्या आणि तिच्यावरून चुंबक फिरवा. आपल्या काळ्या मातीत लोहाचे चुंबकीय कण निघतात आणि ते इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात.

हे सगळं रंग आणि डीकॅलच्या आधी एकदा तपासायचं. दहाही टँकर जोडा आणि इंजिन मागे लावून, ढकलत, वळणावरून आणि सांध्यावरून न्या. ओढताना जो डबा निमूट मागे येतो तोच ढकलताना पहिला उतरतो, आणि तेव्हा त्याच्यावर अजून रंगाची एक रेघही नसते.